झाकणावरचे चार चमचे

दुपारचा एक वाजला की पाववाल्याच्या डोळ्यांवर कुणीतरी ओलं पोतं टाकल्यासारखं व्हायचं. लोक ज्याला पेंग म्हणतात ती ही नव्हे. पेंग येते, दोन जांभया घेते आणि चहाच्या घोटाबरोबर निघून जाते. याची झोप मुक्कामालाच यायची. हातात भाजी चिरायची सुरी असो, तोंडात घास असो की मांडीवर पोर असो, ती कुणाची भीडभाड ठेवत नसे.

आता यात त्याचा दोष म्हणाल, तर तसा काही नव्हता. चौदा वर्षं त्याने बेकरीत रात्रपाळी केली होती. रात्री दहाला कामावर हजर, पहाटे पाचला पावांचे ट्रे गाडीत चढवायचे, घरी येऊन आंघोळ करायची आणि दिवसभर ताणून द्यायची. दुपारचं ऊन घरात कुठून शिरतं आणि कुठवर जातं, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. मग मुलगी झाली. बायको लिफ्ट तपासणीस. इमारतींमधून फिरायचं, लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासायचे आणि चालवायला परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचं, अशी तिची पक्की नोकरी. तिची रजा संपली तेव्हा घरी कोण राहणार हा प्रश्न आला, आणि पाववाल्याने कुणी विचारायच्या आतच 'मी राहतो' म्हणून टाकलं. नात्यातल्यांनी नाकं मुरडली, बेकरीतल्यांनी टिंगल केली. त्याने ते मनावर घेतलं नाही. त्याला मुलगी मोठी होताना बघायची होती, बस्स.

पण माणूस ठरवतो ते त्याच्या अंगाला कुठे कळतं? दीड वर्ष झालं तरी त्याचं अंग जुन्याच पाळीवर हजर होत होतं. रात्री मायलेकी गाढ झोपल्या की हा छताकडे बघत टक्क जागा, आणि दुपारी मुलगी रंगात येऊन खेळायला लागली की याची हनुवटी छातीवर. डॉक्टरांकडे जाऊन झालं. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, तब्येत ठणठणीत आहे, सवय मोडायला वेळ लागेल, तोवर मूल झोपेल तेव्हा तुम्हीही झोपत जा. एवढं ऐकायला फी मोजायची, म्हणजे कमाल आहे. मूल झोपेल तेव्हा बापाने झोपावं हे ठीक, पण मूल उठेल तेव्हा बापाला उठवणार कोण?

मुलीला घरात भुंगी म्हणत, कारण खेळताना तिच्या तोंडाने अखंड गुणगुण चालायची. ना त्याला चाल, ना शब्द. डबे रचताना तेच, बाहुलीला भरवताना तेच. त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण पाववाल्याला त्यात बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र ऐकू यायचं, लांबून, बंद दारामागून. आणि त्याच्या पापण्या मिटायच्या.

भुंगीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा हा भिंतीला टेकून घोरत होता. ते पाहिलं शेजारच्या टेलरकाकूंनी, शिवणयंत्रावर बसल्या बसल्या, समोरासमोरच्या उघड्या दारांतून. संध्याकाळी त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि पाववाल्याने हसून दाखवलं. पण पुढे कित्येक दिवस तो काही ना काही निमित्त काढून त्यांच्या दारात जायचा आणि तेच विचारायचा. कुठून कुठे चालली? पडली का? आधी कुठला पाय टाकला? काकू बिचाऱ्या एकदा डावा म्हणाल्या, एकदा उजवा म्हणाल्या. शेवटी त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या म्हणाल्या, "अरे बाबा, मी काजं करत होते, पायाकडे कुठे बघितलं?" तेव्हापासून त्याने विचारणं सोडलं. मनातून मात्र ते गेलं नाही. आपल्याच घरात, आपल्यापासून चार हातांवर ती उभी राहिली आणि चालली, आणि आपण नव्हतो. याची हळहळ त्याला कामातून, जेवणातून, कुठूनही वर यायची.

जागं राहण्याचे उपाय त्याने काय कमी केले? तोंडावर गार पाणी मारलं. मुठीत बर्फ धरला. दुपारभर उभा राहिला, तर उभ्याउभ्याच फ्रिजला टेकून झोपला. मोठ्याने वर्तमानपत्र वाचलं, तर निविदांच्या सूचनांपाशी आडवा. एकदा तर नाडी घेऊन एक टोक भुंगीच्या पायाला आणि दुसरं स्वतःच्या अंगठ्याला बांधलं. ती हलली की आपल्याला हिसका बसेल असा हिशेब. तिने बसल्या जागी गाठ सोडली आणि नाडी बाहुलीच्या गळ्यात बांधली. घड्याळाच्या गजराचं तर नावच नको. चौदा वर्षांत गजर झोपेतच बंद करण्यात त्याचा हात इतका बसला होता, की उठल्यावर घड्याळ उशाखाली सापडायचं.

आणि मग तो जिन्याचा प्रकार झाला. दार नुसतं लोटलेलं राहिलं होतं. हा चटईवर आडवा, आणि भुंगी गुणगुणत बाहेर. टेलरकाकूंनी तिला तिसऱ्या पायरीवर धरलं. खाली अजून अकरा पायऱ्या होत्या. काकूंनी पोरीला आत आणून सोडलं, त्याला हलवून उठवलं आणि काय झालं ते सांगितलं.

बायकोला त्यानेच सांगितलं. लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने दाराला उंचावर नवं कुलूप बसवून घेतलं, किल्लीनेच उघडणारं, आणि मग त्याच्यासमोर बसली.

"माझं काम काय आहे तुला माहीत आहे," ती म्हणाली. "दोर तुटल्यावर मला बोलावून काही उपयोग नसतो. मी या एका वेळेला परवानगी देते. पुन्हा असं झालं तर भुंगी पाळणाघरात जाणार. मग तू रडलास तरी मी ऐकणार नाही."

त्यांच्या संसारातलं हे एक कोडंच होतं. लग्नानंतरची पाच वर्षं दोघं भेटायची ती जिन्यात. हा पहाटे बेकरीतून येताना वर चढायचा, ती डोक्यावर हेल्मेट घालून खाली उतरायची. मधल्या वळणावर हा तिच्या हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव द्यायचा, ती त्याच्या पिठाळ सदऱ्याला गाल टेकायची, आणि दोघं आपापल्या वाटेने. तेव्हा त्यांना वाटायचं, एकदा का एकाच वेळी घरात राहायला मिळालं, की मग काय, सुखच सुख. आता दोघं रात्री एकाच अंथरुणावर होती; ती झोपलेली, हा जागा. तिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडायचं आणि तिला हलवून काहीतरी बोलावं असं वाटलं तरी बोलायचं नाही, कारण सकाळी तिला कुणाच्या तरी बाराव्या मजल्यावर चढायचं असे. जिन्यातली ती दोन मिनिटं याहून बरी होती, असं त्याला कधीकधी वाटायचं आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटायचं.

पण पाळणाघर नको. ते त्याने मनाशी पक्कं केलं होतं. भुंगी घरातच वाढणार आणि तो ते डोळ्यांनी बघणार. आणि अशा एका दुपारी, मुठीतला बर्फ वितळत असताना, त्याला वस्ताद आठवला.

वस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली तो काम शिकला तो म्हातारा. त्या जुन्या बेकरीत पीठ फुगायला एक लांबलचक लाकडी पेटी होती. पीठ मळून आत टाकलं की वस्ताद तिच्यावर झाकण ठेवायचा आणि झाकणावर सरळ आडवा व्हायचा. खाली पीठ फुगत जायचं. झाकणाला टेकलं की झाकण एका बाजूने उचललं जायचं, वस्ताद कलंडायचा आणि उठून बसायचा. घड्याळ नाही, गजर नाही. वस्ताद म्हणायचा, घड्याळाला काय कळतं, पिठाला बरोबर कळतं उठायचं केव्हा ते. पाववाल्यालाही त्याने तीच सवय लावली होती. आता मोठ्या बेकऱ्यांतून सगळं यंत्रावर चालतं आणि तसं झोपलेलं कुणी बघितलं तर कामावरूनच काढतील. पण अंगात मुरलेली गोष्ट जाते थोडीच.

घरात लाकडी पेटी नव्हती. उंच काठाचं एक पातेलं होतं. त्याने पीठ मळलं, त्यात खमीर मोजून घातलं, सव्वा तासात काठाला येईल इतकंच. वर ताट झाकलं. ताटावर, अगदी कडेला, चार स्टीलचे चमचे तोलून ठेवले. भुंगीला आतल्या खोलीत निजवलं, पातेलं स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी चटईवर कान लावून पडला. सव्वा तासाने पीठ वर आलं, ताट कललं, चार चमचे फरशीवर खणखणले, आणि हा ताडकन उठून बसला. गजराला न जुमानणारं अंग पिठाच्या हाकेला उठलं.

त्या आवाजाने आतून भुंगीही डोळे चोळत आली. बाप जागा बघून तिला इतका आनंद झाला की तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "बाबा उठला."

झालं, सूत जुळलं. रोज एक वाजता भुंगी झोपणार, पीठ फुगणार, चमचे पडणार, भुंगी धावत येऊन 'बाबा उठला' करणार. मग दोघं मिळून फुगलेल्या पिठाचे गोळे करायचे. दुपारचं ऊन घरात कुठवर येतं ते त्याला आता कळलं. आधी खिडकीच्या चौकटीवर, मग डब्यांवर, आणि चारच्या सुमारास भुंगीच्या केसांवर. तिला कुठले शब्द बोलता येतात, कुठले चुकतात, ती रागावली की कुठल्या कोपऱ्यात जाते, सगळं त्याने डोळे भरून बघितलं. संध्याकाळी बायको आली की घरात ताज्या पावाचा वास. पहिल्या दिवशी त्याने तिला ती चमच्यांची करामत दाखवली तेव्हा ती पोट धरधरून हसली, मग गुडघ्यावर बसून ताटाचा तोल बारकाईने तपासला आणि म्हणाली, परवानगी आहे. त्या रात्री पाववाल्याला खूप दिवसांनी झोप लागली, पहाटेपर्यंत का होईना.

असे पाच आठवडे गेले. त्याला वाटू लागलं, जमलं आपल्याला.

पण मुलं बघत असतात. आपल्याला वाटतं ती खेळतायत. भुंगीने एवढ्या दिवसांत बरोबर हेरलं होतं, की बाबाला उठवतात ते चमचे. आणि हेही, की उठल्यावर बाबा पुष्कळ वेळ डोळे चोळत, भिंतीला धरून बसतो आणि पुटपुटतो, अजून थोडं झोपायला मिळालं असतं तर. हे तो रोज म्हणायचा. सवयीने, कुणाला उद्देशून नव्हे. ऐकायला घरात दुसरं होतं कोण?

त्या दिवशी सगळं नेहमीसारखंच झालं. पीठ मळलं, खमीर मोजलं, चमचे ठेवले, डोळा लागला.

जाग आली ती चमच्यांनी नाही. कसल्याच आवाजाने नाही. घर इतकं शांत होतं की त्या शांततेनेच तो जागा झाला. अंग कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. ऊन डब्यांच्या पुढे सरकलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याने मान वळवली. भुंगी पातेल्याशेजारी बसली होती. दोन्ही हात पसरून तिने ताट दाबून धरलं होतं, जोर लावून, ओठ घट्ट मिटून. चारही चमचे तिच्या मांडीवर होते. पीठ ताटाच्या चारी बाजूंनी बाहेर आलं होतं, तिच्या मनगटांवर चढलं होतं, कोपरांपर्यंत वाळून त्याची पापुद्र्यासारखी साल झाली होती. फ्रॉक ओला होता आणि खाली फरशीवर ओलं होतं. ती गुणगुणत नव्हती.

तिच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून, त्याची बायको बसली होती. हेल्मेट तिच्या पायाशी होतं.

बापाचे डोळे उघडलेले बघून भुंगीचा चेहरा पडला. तिने एक हात उचलला, पिठाने माखलेलं बोट ओठांवर ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "शू. बाबा जोजो."

पाववाला उठून बसला.

बायकोचं त्या दिवशीचं काम लवकर आटोपलं होतं. ती साडेतीनला आली तेव्हा भुंगी अशीच बसलेली होती. त्याआधी किती वेळ, कोण जाणे. हे सगळं बायकोने त्याला शांतपणे सांगितलं. चढलेल्या आवाजात नव्हे, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"मी तिला उचलायला गेले, तर मलाच शू म्हणाली," ती म्हणाली. "चड्डी ओली झाली तरी उठली नाही ती. मला वाटलं तुला उठवावं. मग वाटलं, एवढं राखलंय पोरीने, ते आपण कशाला मोडा? म्हणून मीही बसले."

त्याने भुंगीला मांडीवर घेतलं. कोमट पाण्यात फडका बुडवून तिच्या हातावरचं पीठ काढायला लागला. वाळलेलं पीठ बारीक लव ओढत निघतं, दुखतं. ती हूं की चूं न करता बसली. अडीच वर्षांची पोर. तिला बघता यावं म्हणून तो घरी राहिला होता, आणि आज अख्खी दुपार ती त्यालाच बघत बसली होती. त्याला सांभाळत. दार बंद होतं, जिन्याची भीती नव्हती, कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. बायको तोंडातून पाळणाघराचा प काढत नव्हती. तिने काढला असता तर तो भांडला असता, पाच आठवड्यांचे दाखले दिले असते.

दुसरा हात पुसून झाला तेव्हा तो म्हणाला, "सोमवारपासून पाठवू तिला."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "मी काही म्हणाले नाही."

"मीच म्हणतोय. तिने खेळावं. माझी झोप राखायला नाही जन्मली ती."

एवढं बोलून त्याने फडका पुन्हा पाण्यात बुडवला आणि उगाचच पिळत राहिला. बायको जवळ सरकली आणि तिने त्याच्या पिठाळ बाहीला गाल टेकला, जिन्यातल्यासारखा.

सोमवारी सकाळी त्याने भुंगीला पाळणाघरात पोचवलं. दोन गल्ल्या ओलांडल्या की एक बैठी इमारत, हिरवं फाटक, आत खेळण्यांचा ढीग. ती रडेल म्हणून त्याने मनाची तयारी केली होती. ती रडली नाही, एक लाकडी घोडा दिसला तशी सरळ चालत गेली. त्या वेळी तिने आधी उजवा पाय टाकला. हे त्याने नीट बघितलं.

घरी येऊन त्याने भांडी घासली, कपडे वाळत घातले. एक वाजला. आता त्याला कुणाची काळजी नव्हती. हवं तेवढं झोपावं, कुणी विचारणार नव्हतं. दीड वर्ष ज्या झोपेची त्याने आस धरली ती आता सगळीच्या सगळी त्याची होती. सवयीने पीठ मळलं, सवयीने चमचे ठेवले आणि चटईवर आडवा झाला. घरात गुणगुण नव्हती. ऊन चौकटीवर आलं, मग डब्यांवर आलं. त्याने कूस बदलली, उशी उलटी केली, डोळे गच्च मिटून घेतले. सव्वा तासाने चार चमचे फरशीवर पडले, तेव्हा तो जागाच होता.

पाळणाघर चारला सुटायचं. तो तीनलाच फाटकाशी जाऊन उभा राहिला. आतून पन्नास तऱ्हेचे आवाज येत होते, हसण्याचे, रडण्याचे, ठोकाठोकीचे. आणि त्या सगळ्या कलकलाटातून त्याला ती गुणगुण ऐकू आली. चाल नाही, शब्द नाहीत. लगेच पापण्या जड झाल्या. फाटकाशेजारी बसायला छान कट्टा होता. तो बसला नाही. मान झटकत, गालावर चापट्या मारत, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरा झेलत तो तासभर उभा राहिला, कारण ती बाहेर येईल तेव्हा तिला तो जागा दिसायला हवा होता.

चारला फाटक उघडलं. भुंगी पिशवी ओढत आली, त्याच्यासमोर थांबली आणि मान वर करून त्याचे डोळे निरखू लागली, मोठ्या बाईसारखी, काळजीने.

"बाबा जोजो केली?" तिने विचारलं.

"केली," पाववाला म्हणाला. "खूप केली."

तिचा लगेच विश्वास बसला. तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि गुणगुणत पुढे पळाली.